हाकेला ओ का मिळत नाही?

गेल्या महिन्यात कोल्हापूरला आत्याच्या घरी एक अख्खी दुपार मी लॅपटॉपसमोर बसून काढली. आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या आत्यानं कधीकाळी कॅसेटवर टेप करून ठेवल्या होत्या. आतेभावानं त्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि गावाकडच्या जुन्या फोटोंसोबत एका फोल्डरमध्ये ठेवल्या. हॉलमधल्या टीव्हीवर त्या वायफायवरून लागत. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आत्या रिमोट घेऊन बसायची. मग लॅपटॉपमधल्या अँटिव्हायरसची वर्षाची मुदत संपली, पुन्हा पैसे भरायचे नाहीत म्हणून आतेभावानं तो काढून टाकला, आणि त्याच संध्याकाळी टीव्हीच्या यादीतून लॅपटॉपचं नाव गेलं.

"अरे, पहारेकरी काढल्यावर दार उघडं पडायला हवं ना? हे तर उलटं बंद झालं," आत्या म्हणाली.

तिचा प्रश्न मला फार नेमका वाटला. सुरक्षा सॉफ्टवेअर काढल्यावर घरातला मीडिया सर्व्हर, म्हणजे टीव्हीला गाणी-फोटो पुरवणारा संगणक, गायब होण्याचा अनुभव अनेकांना येतो, आणि बहुतेक जण टीव्हीला किंवा वायफायला दोष देऊन मोकळे होतात. खरं कारण समजण्यासाठी आधी टीव्हीला लॅपटॉप सापडतो कसा, हे पाहायला हवं.

टीव्हीला लॅपटॉपचा पत्ता मुळात ठाऊकच नसतो. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला १९२.१६८.१.७ असा काहीतरी क्रमांक देतो, पण तो कायमचा नसतो. आज शेवटी सात, उद्या बारा. म्हणून टीव्ही हाक मारतो. २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या एका क्रमांकित दारावर, तो एक छोटासा मजकूर सोडतो: गाणी, फोटो, व्हिडिओ देणारं इथे कुणी आहे का? हा पत्ता कुठल्याही एका यंत्राचा नाही. गावात चावडीवर दवंडी पिटावी आणि ज्याला त्या विषयाशी देणंघेणं आहे त्यानं कान द्यावा, तसा हा प्रकार आहे. याला मल्टिकास्ट म्हणतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८०च्या दशकात त्याची मांडणी केली आणि १९८९ साली त्याचे नियम पक्के झाले. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे सगळे इंटरनेट पत्ते अशा हाकांसाठी राखून ठेवलेले आहेत.

हाक ऐकून लॅपटॉप ओ देतो. त्या ओमध्ये गाणं नसतं, फक्त एक पत्ता असतो: माझी माहिती अमुक ठिकाणी वाचा. टीव्ही तिथे जातो, लॅपटॉपचं नाव आणि त्याला काय काय येतं ते वाचतो, मग फोल्डरांची यादी मागतो, आणि सर्वात शेवटी प्रत्यक्ष गाणं आणतो. विंडोजवर ओळखीचं काम २८६९ या पोर्टवर चालतं आणि विंडोज मीडिया प्लेअरची गाणी १०२४३ या पोर्टवरून जातात. ही सगळी बोलीभाषा यूपीएनपी नावाची. १९९९ साली ती घडवण्यासाठी कंपन्यांचा एक मंच उभा राहिला. तिच्यावर आधारलेले नियम २००३ पासून सोनी, इंटेल वगैरेंनी मिळून केलेल्या डीएलएनए या संघटनेनं पुढे आणले. ती संघटना २०१७ साली विसर्जित झाली, पण टीव्ही अजूनही तीच भाषा बोलतात.

एवढं लक्षात आलं की बिघाड कुठे आहे ते टीव्हीच्या पडद्यावरूनच बरंचसं कळतं. लॅपटॉपचं नावच दिसत नसेल, तर हाक किंवा ओ वाटेत अडली आहे. नाव दिसतं पण आत शिरता येत नाही किंवा फोल्डर रिकामे दिसतात, तर हाक पोचली आहे, पुढचं दार बंद आहे. नाव आधी दिसतं आणि चारेक मिनिटांनी नाहीसं होतं, तर संशय राउटरवर घ्यावा. कुणाला मल्टिकास्ट ऐकायचंय याची नोंद काही राउटर ठेवतात, आणि ती नोंद ताजी झाली नाही तर नेहमीच्या हिशेबानं २६० सेकंदांत पुसली जाते. आत्याकडे नावच दिसत नव्हतं.

आता तिच्या प्रश्नाकडे येतो. पहारेकरी गेल्यावर दार बंद का झालं? कारण घरात पहारेकरी दोन होते, आणि दुसरा इतकी वर्षं बाजूला उभा होता.

२००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभरच्या विंडोज संगणकांमध्ये शिरला. माणसानं काहीही उघडायची गरज नव्हती, संगणक नेटवर्कला जोडलेला असणं पुरेसं होतं. त्यानंतर पुढच्याच वर्षी, २००४ च्या ऑगस्टमध्ये, मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये स्वतःची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून आत-बाहेर जाणाऱ्या माहितीवरचा पहारा, आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून प्रत्येक विंडोज संगणकात घरचा एक पहारेकरी असतोच. बाहेरचं सुरक्षा सॉफ्टवेअर आपली फायरवॉल घेऊन आलं की विंडोजची फायरवॉल त्याच्याकडे सूत्रं सोपवते. आतेभावानं त्या सॉफ्टवेअरमध्ये कधीतरी 'हे माझं घरचं नेटवर्क आहे, यावर विश्वास ठेव' असं सांगितलं होतं. ते सॉफ्टवेअरनं इमानानं पाळलं, टीव्हीच्या हाका आत सोडल्या आणि लॅपटॉपची ओ बाहेर जाऊ दिली.

सॉफ्टवेअर गेलं तेव्हा ही समजूतही त्याच्याबरोबर गेली. विंडोजची फायरवॉल पुन्हा पुढे आली आणि तिनं स्वतःची वही उघडली. त्या वहीत आत्याच्या घरच्या वायफायची नोंद 'पब्लिक' अशी होती. म्हणजे एसटी स्टँडवरचं किंवा हॉटेलातलं नेटवर्क, जिथे शेजारी कोण बसलंय ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी वायफाय पहिल्यांदा जोडताना विंडोजनं विचारलं होतं, या नेटवर्कवर तुमचा संगणक इतरांना दिसू द्यायचा का? आतेभावानं 'नाही' म्हटलं होतं. तेव्हा त्या उत्तरानं काही अडलं नाही, कारण राखण दुसरं कुणी करत होतं. आता तेच उत्तर लागू झालं. पब्लिक नेटवर्कवर विंडोज १९०० पोर्टवरच्या हाका ऐकून न ऐकल्यासारख्या करते, आणि ते बरोबरच आहे.

उपाय सोपा होता. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे जोडलेल्या वायफायचे गुणधर्म, आणि पब्लिकच्या जागी प्रायव्हेट. मग प्रगत शेअरिंगच्या पानावर प्रायव्हेट नेटवर्कसाठी नेटवर्क डिस्कव्हरी चालू. शेवटी कंट्रोल पॅनेलमधल्या मीडिया स्ट्रीमिंगच्या पानावर जाऊन पाहिलं, तर तेही पुन्हा चालू करावं लागलं.

तरीही टीव्हीवर नाव आलं नाही.

सुरक्षा सॉफ्टवेअर हे ब्राउझर किंवा गाण्याच्या प्लेअरसारखं वरवर बसणारं सॉफ्टवेअर नाही. ते विंडोजच्या गाभ्यात, नेटवर्क कार्ड आणि बाकीची यंत्रणा यांच्या मधोमध आपली गाळणी बसवतं. आत येणारं आणि बाहेर जाणारं माहितीचं प्रत्येक पाकीट त्या गाळणीतून जातं. एक्सपीच्या काळात अशा गाळण्या साखळीसारख्या एकीत एक अडकवलेल्या असत. मधली कडी ओढून काढली की अख्खी साखळी तुटे आणि इंटरनेटच बंद पडे. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं गाळण्या बसवायला नीट जागा आखून दिली, त्यामुळे असे अपघात कमी झाले. पण चालू असलेली गाळणी जागच्या जागी उपटता येत नाही. काढण्याचा प्रोग्रॅम तिच्यावर 'पुढच्या वेळी सुरू होताना काढा' अशी चिठ्ठी लावतो आणि संगणक रीस्टार्ट करायला सांगतो.

मी आतेभावाला विचारलं, रीस्टार्ट केलास का? तो म्हणाला, रोज रात्री बंद करतो आणि सकाळी चालू करतो. गोम इथेच होती, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २०१२ साली आलेल्या विंडोज आठपासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा झोपवून ठेवतं आणि सकाळी तोच उठवतं. लॅपटॉप लवकर सुरू होतो तो त्यामुळेच. पण गाभ्यात बसलेली जुनी गाळणी पण त्याच्याबरोबर झोपते आणि त्याच्याबरोबर उठते. चिठ्ठी वाचायची वेळच येत नाही. 'रीस्टार्ट' मात्र गाभा खरोखर नव्यानं उभा करतं. कितीही दिवस बंद-चालू केलं, तरी एका रीस्टार्टची सर त्याला येत नाही.

आम्ही रीस्टार्ट केलं. मग नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांची यादी उघडली. तिथे टिकमार्कच्या चौकोनांची एक लांबट यादी असते, आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या नावाची गाळणी अजून तिच्यात होती. अशा वेळी त्या कंपनीनं स्वतः दिलेलं साफसफाईचं साधन वापरावं. बहुतेक मोठ्या कंपन्या असं साधन फुकट देतात, आणि काही जणी ते सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींनिशी सुरू करून, चालवायला सांगतात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या मुख्य नोंदवहीत, हात घालून गाळणी हातानं खरडणं मला पसंत नाही. काही गाळण्या विंडोजच्या लेखी अनिवार्य म्हणून नोंदलेल्या असतात. अशा गाळणीची फाइल उडवली आणि नोंद राहिली, तर विंडोज ते नेटवर्क कार्डच जोडायला नकार देतं. सगळं इंटरनेट बंद पडलं असेल तर संशय याच गोष्टीचा घ्यावा, आणि तेव्हा सेटिंग्जमधला 'नेटवर्क रीसेट' कामाला येतो. तो कार्ड काढून नव्यानं बसवतो. पण इंटरनेट नीट चालतंय आणि फक्त टीव्हीला लॅपटॉप दिसत नाही, एवढ्यासाठी आधी रीसेटकडे धावू नये. त्यानंतर वायफाय आणि व्हीपीएन नव्यानं जोडण्याचं काम लागू शकतं.

वायफाय नव्यानं जोडण्यातही आपल्याकडे एक खास खाच आहे. फायबर देणाऱ्या कंपनीचा डबा स्वतःचं वायफाय सोडतो आणि लोक त्याला आपला वेगळा राउटर जोडतात. घरात दोन नावांची वायफाय, दोन्हींवर इंटरनेट छान चालतं. पण हाक एका राउटरची हद्द ओलांडत नाही. लॅपटॉप एकावर आणि टीव्ही दुसऱ्यावर असेल, तर फायरवॉलशी कितीही झुंजलात तरी उपयोग नाही. दोघांचे पत्ते पाहावेत. एकाचा १९२.१६८.१ नं सुरू होतो आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० नं, तर ते बहुधा वेगवेगळ्या वाड्यांत राहतात. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवरही हीच अडचण, तिथे उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम तोडलेलं असतं. सुदैवानं आत्याकडे एकच डबा होता.

साफसफाईनंतर गाळणी यादीतून गेली. तरी मी एक गोष्ट तपासली: विंडोजच्या सेवांच्या यादीत एसएसडीपी डिस्कव्हरी आणि यूपीएनपी डिव्हाइस होस्ट. पहिली हाका ऐकते, दुसरी ओळख सांगते. पहिली 'डिसेबल्ड' होती. काही सुरक्षा सॉफ्टवेअरं 'संगणक मजबूत करा' म्हणत अशा सेवा बंद करतात आणि जाताना पूर्ववत करत नाहीत. त्यांची ही भीती निराधार नाही. २००१च्या डिसेंबरमध्ये विंडोज एक्सपीच्या याच यूपीएनपीत असं भोक सापडलं होतं की दूरवरून संगणकाचा ताबा घेता येत होता. पुढे इंटरनेटवर उघड्या पडलेल्या १९०० पोर्टांचा वापर दुसऱ्यांवर माहितीचा लोंढा सोडण्यासाठी झाला. म्हणून ही सेवा चालू ठेवायची ती घराच्या आत, राउटरच्या अलीकडे, प्रायव्हेट नेटवर्कवर. मी ती 'मॅन्युअल' केली आणि सुरू केली.

टीव्हीवर नाव आलं. त्यावर टिचकी मारली तर आत काहीच नाही. मीडिया स्ट्रीमिंगच्या पानावर टीव्ही नव्यानं आलेलं उपकरण म्हणून उभा होता आणि त्याला परवानगी नव्हती. ती दिली आणि ओव्यांचा फोल्डर उघडला.

या सगळ्या खटाटोपात मला दोनदा असा सल्ला मिळाला की फायरवॉलच बंद करून टाका. तपासण्यापुरती एक मिनिट बंद करून टीव्हीकडे पाहणं ठीक आहे, कारण नाव लगेच आलं तर दोष नियमांचा आहे हे सिद्ध होतं. पण ती तशीच बंद ठेवणं मला मान्य नाही. जुन्या टीव्ही-बॉक्ससाठी एसएमबी या फाइल-देवाणघेवाणीच्या पद्धतीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा, हा सल्लाही तितकाच घातक. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा सुटला तो तिच्यातल्याच भोकातून. मायक्रोसॉफ्टनं त्यावरचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, तरी ब्रिटनच्या रुग्णालयांमधले संगणक कुलूपबंद झाले. त्याच वर्षी विंडोजच्या नव्या प्रतींमधून ही आवृत्ती वगळायला सुरुवात झाली. टीव्हीला हाक ऐकू यावी म्हणून अख्खं घर उघडं टाकायची गरज नाही. नेटवर्क प्रायव्हेट असलं की लागणारी चार-दोन पोर्टं विंडोज स्वतःच, तेवढ्याच नेटवर्कपुरती, मोकळी करतं. शिवाय विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आत्याच्या लॅपटॉपवर आपोआप चालू झाला होता, तेही मी पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याचा फोन आला. नाव पुन्हा गेलं होतं. मी विचारलं, "आत्या, लॅपटॉपचं झाकण उघडं आहे का?" तिनं ते धूळ बसू नये म्हणून मिटून ठेवलं होतं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. रीतसर झोपला तर आपण 'येतो' म्हणून निघतो तसा तो नेटवर्कवर निरोपाचा संदेश सोडतो आणि टीव्ही त्याचं नाव लगेच काढतो. निरोप वाटेत हरवला, तर नाव आणखी काही वेळ यादीत नुसतंच राहतं, कारण लॅपटॉपनं आपल्या प्रत्येक घोषणेला मुदत दिलेली असते, बहुधा १८०० सेकंदांची, म्हणजे अर्ध्या तासाची. मी तिला फोनवरच पॉवरच्या सेटिंगपर्यंत नेलं: चार्जर लावलेला असताना झाकण मिटलं तर काही करू नको. तिनं झाकण मिटलं, टीव्हीची यादी ताजी केली, आणि मला फोनवर मागून जात्याची घरघर ऐकू आली.