सव्वा मिलिमीटरचा फरक

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नाताळ उलटला की हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम सुरू होतो. तो फक्त चकमकीवर उडणाऱ्या ठासणीच्या बंदुकांचा. १९७४ पासून तो चालत आला आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, पण ठासणीची बंदूक कोकणातल्या जुन्याजाणत्यांना अनोळखी नाही.

आधी नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची. तोंडावर चरबी लावलेली कापडाची चकती ठेवायची, तिच्यावर शिशाची गोल गोळी, आणि गजाने दोन्ही थेट दारूला भिडेपर्यंत ठासत न्यायची. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असते. मधली फट हे कापड बुजवतं आणि नळीतल्या पेचांचा, म्हणजे आत कोरलेल्या पिळदार खाचांचा, पीळ गोळीला देतं. बार उडाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तोवर हरीण थांबत नाही. म्हणून हातात असलेली एकच गोळी केवढी असावी, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत मोजलेला. ४५ म्हणजे ११.४ मिलिमीटर, ५० म्हणजे १२.७. फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा! पण ४५ च्या नळीतली गोळी साधारण ८.३ ग्रॅमची, तर ५० ची ११.५ ग्रॅमची. व्यास ११ टक्क्यांनी वाढला आणि वजन तब्बल ३८ टक्क्यांनी, कारण गोलाचं घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ५४ ची गोळी तर साडेचौदा ग्रॅमवर जाते.

हवेला सामोरा जाणारा भाग मात्र व्यासाच्या वर्गानेच वाढतो. त्यामुळे मोठ्या गोळीचा वेग जरा सावकाश मरतो. तरी गोल आकार हवेत वाईटच. ५० ची गोळी सेकंदाला ५५० मीटर वेगाने सुटली, तरी शंभर यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, तिचा वेग ३२० च्या आसपास उरतो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणून ती एक तृतीयांशावर येते.

मग दारू वाढवावी? काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायू होतच नाही. तो धूर आणि काजळी होऊन बाहेर पडतो किंवा नळीत साचतो. शिवाय गोळी जितकी वेगवान, तितकी हवेची ओढ जास्त. जादा दारूने कमावलेला वेग बराचसा सुरुवातीलाच खर्च होतो. खांद्याला बसणारा धक्का तेवढा पुरेपूर मिळतो.

लांबट गोळ्या हवेत जास्त टिकतात, पण त्यांना पेच घट्ट लागतात. गोल गोळीच्या नळीत पेचाचा एक फेरा ४८ ते ६६ इंचांत पुरा होतो, लांबट गोळ्यांसाठी बनवलेल्या आजच्या बऱ्याच नळ्यांत २८ इंचांत.

अमेरिकेतल्याच कोलोराडो राज्याच्या नियमात हरणासाठी किमान ४० कॅलिबर चालतं, एल्क या तिथल्या सांबरासारख्या थोराड जनावरासाठी ५० लागतं. माझं मत विचाराल तर गोल गोळीने हरणासाठी ४० अपुरं. ४५ चालेल, पण पन्नास यार्डांच्या आतच. ५० ला थोडी उसंत मिळते, आणि तिचा धक्काही ५४ इतका जड नसतो. शंभर यार्डांपलीकडे मात्र ५४ हाती असली तरी चाप ओढू नये. तिथे पोहोचणाऱ्या गोळीने हरीण पडण्यापेक्षा जखमी होऊन रानात शिरण्याचीच भीती जास्त.