पाण्याच्या बरणीतून ॲव्हरेज : हायड्रोजन किटची पार्श्वभूमी

बॉनेटखाली प्लास्टिकची एक बरणी, तिच्यात स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या, पाण्यातून वीज वाहावी म्हणून थोडा कॉस्टिक पोटॅश, बॅटरीवरून आलेल्या दोन वायरी आणि टोपणातून निघून एअर फिल्टरच्या पाइपात शिरणारी नळी. हायड्रोजन किट म्हणतात ते एवढंच. वीज सोडली की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे भाग होतात, तो वायू हवेबरोबर इंजिनात जातो आणि गाडीचं ॲव्हरेज वीस, तीस, कोणी म्हणतं पन्नास टक्क्यांनी वाढतं, असा दावा.

कोल्हापुरात हा दावा ऐकणाऱ्याला तो खोटा वाटण्याआधी करून बघावासा वाटतो. या गावाची ती जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा इथेच जुळवला. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं तयार झाली, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत आजही वाहन कंपन्यांसाठी कास्टिंग ओतली जातात. पट्ट्या कापून घ्यायच्या, ड्रिल मारायचं, ओ-रिंग बसवायची आणि पाण्याच्या फिल्टरची हाउसिंग बबलर (वायू पाण्यातून पुढे सोडून उलट येणारी ज्वाला अडवणारा डबा) म्हणून लावायची, हे इथल्या फिटरला अर्ध्या दिवसाचं काम. किट नीट बनवता येतं, यात शंका नाही. घोडं अडतं ते हिशेबावर.

कल्पना मात्र दोनशे वर्षांहून जुनी आहे. १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी इंग्लंडमध्ये व्होल्टाच्या नव्या बॅटरीने पाण्याचं विघटन केलं. पुढे सातच वर्षांत, १८०७ मध्ये, फ्रान्स्वा इझाक द रिवाझ याने हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या स्फोटावर चालणारं इंजिन बनवलं. म्हणजे पेट्रोलच्या गाडीआधी कितीतरी दशकं हायड्रोजनचं इंजिन होऊन गेलं. त्याचा हायड्रोजन मात्र इंजिनाने स्वतः तयार केलेला नव्हता, तो बाहेरून भरलेला होता. या सगळ्या इतिहासात हा फरक पुन्हा पुन्हा समोर येतो आणि किट विकणारा नेमका तोच गाळतो.

१९३५ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या चार्ल्स गॅरेट यांना ‘इलेक्ट्रोलिटिक कार्ब्युरेटर’चं, म्हणजे विजेने पाणी फोडून तो वायू इंजिनाला देणाऱ्या यंत्राचं, पेटंट मिळालं. पेटंट मिळालं म्हणजे यंत्र चाललं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पेटंट मिळतं ते कल्पना नवी आहे म्हणून. ॲव्हरेजचा दाखला ते देत नाही. मग दुसरं महायुद्ध आलं, पेट्रोलवर रेशनिंग आलं आणि आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर बस धावू लागल्या. पाठीमागे भट्टी घेऊन फिरणाऱ्या त्या गाड्या वेंधळ्या होत्या, पण प्रामाणिक होत्या. कोळसा जळत होता आणि त्याच्याच गॅसवर गाडी चालत होती.

या विषयाला खरं बळ मिळालं ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. नासाच्या संशोधकांनी १९७७ मध्ये एक अहवाल काढला आणि किटवाले आजही त्याचं नाव घेतात. अहवाल खरा आहे, निष्कर्षही खरे आहेत. पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळला की ज्वाला वेगाने पसरते, त्यामुळे इंधन कमी आणि हवा जास्त असं पातळ मिश्रणही नीट जळतं आणि धुरातले घातक घटक घटतात. पण त्या प्रयोगातला हायड्रोजन सिलिंडरमधून आणलेला होता किंवा वाफेच्या मदतीने मिथेनॉलपासून काढलेला होता. अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची बॅटरी भरणाऱ्या जनित्राच्या, विजेवर पाणी फोडून तो मिळवलेला नव्हता.

आता हिशेब. मोटारीत मिनिटाला एक लिटर वायू देणारं सहा सेलचं (पट्ट्यांचे सहा कप्पे एकामागे एक जोडलेलं) चांगलं किट धरू. त्याला पंधरा-सोळा अँपिअर करंट लागतो. १४ व्होल्टला ती झाली सुमारे २२० वॅट वीज. अल्टरनेटर साठ टक्क्यांच्या आतबाहेर काम करतो, म्हणजे तो फिरवणाऱ्या इंजिनावर पावणेचारशे-चारशे वॅटचा भार पडला. इंजिन पेट्रोलमधल्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतं, तेव्हा एवढी ताकद द्यायला दीड हजार वॅटच्या आसपास पेट्रोल जळतं. बदल्यात मिळालेल्या हायड्रोजनची उष्णता किती? सुमारे १२० वॅट. आणि हायवेवर ताशी ऐंशीने जाताना लिटरला अठरा किलोमीटर देणारी मोटार एकूण चाळीस हजार वॅटचं पेट्रोल जाळत असते. बरणी एकाच सेलची असेल तर तेवढ्याच करंटमध्ये वायू सहाव्या हिश्शावर येतो. मोटरसायकलची तर गोष्टच सोडा, तिची वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोची कुवतच तेवढी नसते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : हायड्रोजन इंधन म्हणून नाही, पेट्रोल पुरतं जाळायला मदत म्हणून. ऐकायला पटतं. पण धड असलेल्या इंजिनात पेट्रोलचा अगदी थोडा भागच न जळता बाहेर जातो. नुकसान होतं ते रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाणाऱ्या उष्णतेत. तिथे ही बरणी काही करू शकत नाही.

तरीही दावे वाढतच गेले. बल्गेरियात जन्मलेले आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले युल ब्राऊन यांनी सत्तरच्या दशकात वेल्डिंगसाठी हा मिश्र वायू पुढे आणला आणि त्याला ‘ब्राऊन्स गॅस’ हे नाव चिकटलं. ओहायोच्या स्टॅन्ली मायर यांनी त्याहून मोठी उडी घेतली, नुसत्या पाण्यावर गाडी. गुंतवणूकदारांनी त्यांना न्यायालयात खेचलं. तज्ज्ञांनी यंत्र तपासलं, तेव्हा ते साधं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने पाणी फोडणं, निघालं आणि १९९६ मध्ये न्यायालयाने ही उघड फसवणूक ठरवली. दोन वर्षांनी मायर वारले आणि तेल कंपन्यांनीच त्यांना संपवल्याची कथा अजून फिरते आहे. त्याच १९९६ साली आपल्याकडे तामिळनाडूच्या रामर पिल्लईंचं झाडपाल्यापासून बनवल्याचा दावा असलेलं ‘हर्बल पेट्रोल’ गाजलं. त्याचा निकाल लागायला २०१६ उजाडलं, तीन वर्षांची शिक्षा. पाकिस्तानात २०१२ मध्ये आगा वकार यांच्या वॉटर किटने मंत्र्यांनाही गुंडाळलं होतं.

घरगुती किटचा मोठा सुकाळ २००८ चा. कच्चं तेल बॅरलला १४७ डॉलरवर गेलं, बरण्यांचे नकाशे जगभर विकले गेले. मायलेज किमान पन्नास टक्के वाढवण्याची हमी देणाऱ्या एका अमेरिकी किटविरुद्ध २००९ मध्ये तिथलं फेडरल ट्रेड कमिशन न्यायालयात गेलं. आपल्याकडे २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, २०२१ मध्ये लिटरमागे शंभरी ओलांडली. भाव चढला की हे किट पुन्हा कोणाच्या तरी तोंडी येतंच.

मग फरक पडल्याचं शपथेवर सांगणारे लोक? ते खोटं बोलत नाहीत. किट बसवताना प्लग साफ होतो, फिल्टर बदलतो, टायरमध्ये हवा भरली जाते आणि पैसे घातल्यावर माणूस ॲक्सिलरेटरही जपून दाबतो. शिवाय रिझर्व्ह ते रिझर्व्ह मोजमापात दहा टक्के इकडेतिकडे सहज होतात. पंचगंगेच्या पुलावरून पुण्याकडे सरळ हायवेने गेलात की गगनबावड्याचा घाट उतरून परत चढलात, यानेही आकडा बदलतो.

नव्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. सायलेन्सरजवळच्या सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसला की ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) मिश्रण पातळ वाटतं आणि तो उलट पेट्रोल वाढवतो. म्हणून किटबरोबर सेन्सरला चकवणारं सर्किट विकतात. ॲव्हरेज थोडं हललंच तर ते त्या सर्किटने मिश्रण पातळ केल्यामुळे, आणि त्याची किंमत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोजतो. बीएस-६ या धुराच्या कडक नियमांनुसार बनलेल्या गाडीत ही लुडबुड महागात पडते. इंजिनाच्या इंधनव्यवस्थेत परवानगीशिवाय फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतंच.

धोक्याबद्दल थोडंच, पण स्पष्ट. हवेत चार ते पंचाहत्तर टक्के हायड्रोजन असला की तो पेटतो, आणि बरणीतल्या वायूत तर ऑक्सिजन आधीच मिसळलेला असतो. बबलर नसेल आणि इंजिनाने बॅकफायर दिला, तर ज्वाला नळीतून थेट बरणीत येते. कॉस्टिकऐवजी मीठ टाकलं की क्लोरीन सुटतो. स्टेनलेसच्या पट्ट्यांमुळे तपकिरी झालेल्या पाण्यात विषारी क्रोमियम असू शकतं, ते गटारात ओतू नये.

सध्या या विषयाला नवं खाद्य मिळालंय ते ई-२० पेट्रोलमुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी. जुन्या रचनेच्या मोटारींचं ॲव्हरेज सहा-सात टक्के आणि दुचाकींचं तीन-चार टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आहे. उसाच्या या जिल्ह्यात त्याची तक्रार करणं जरा अवघडच, कारण टाकीतलं ते इथेनॉल कारखान्यांच्याच डिस्टिलऱ्यांतून येतं. पण तक्रार होते, आणि मग बरणी आठवते. दरम्यान खऱ्या हायड्रोजनचं काम वेगळ्याच वाटेने चाललंय. दिल्लीत २०२० मध्ये सीएनजीत अठरा टक्के हायड्रोजन असलेलं इंधन बसमध्ये वापरून बघितलं गेलं, आणि ते डेपोतल्या प्लांटमध्ये तयार होत होतं.

किट बनवणाऱ्याला आपल्या आकड्यांची खात्री असेल, तर गाडीच्या इंधनखर्चाची रीतसर चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. चेसिस डायनॅमोमीटरच्या रोलरवर (गाडी जागच्या जागी पळवून मोजण्यासाठी) गाडी चढवायची, वेगाच्या ठरलेल्या क्रमाने एकदा किट चालू ठेवून आणि एकदा बंद करून पळवायची. रिझर्व्हचा काटा बघावा लागत नाही.