धरलेला सूर: खान्देशातली थाळी, तुणतुणं आणि तंबोरा

साक्री, नवापूर या पट्ट्यातल्या कोकणा वस्त्यांत रात्रभराची कथा थाळीवर सांगतात. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाचा गोळा आणि त्यात उभी रोवलेली बारीक, सरळ काडी. कथा सांगणारा काडी चिमटीत धरून बोटं वरून खाली ओढतो. एक हात तळाशी पोचतो न पोचतो तोच दुसरा वरून सुरू होतो. काडीची थरथर मेणातून थाळीत उतरते आणि एकच धरलेला सूर, म्हणजे कथेमागे अखंड चालणारा आधारस्वर, घुमत राहतो. धान्यदेवता कणसरी मातेची कथा या सुरावर पहाटेपर्यंत चालते. मेण मऊ पडलं तर कंप त्यातच जिरतो. बोटं तेलकट झाली तर चिमूट नुसती घसरते, कारण काडी किंचित अडकत आणि सुटत सरकली तरच ती वाजते.

ऐकणाऱ्यांचं काय होतं, हे थाळी थांबली की कळतं. सुरुवातीला सूर ठळक ऐकू येतो, थोड्या वेळाने तो ऐकू येतोय याचंही भान राहत नाही आणि नुसती कथा उरते. काडी मोडली की मात्र माना वर होतात. मेंदू न बदलणाऱ्या आवाजाकडे हळूहळू दुर्लक्ष करतो, पण त्याचा हिशेब ठेवणं सोडत नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ येवगेनी सोकोलोव्ह यांनी ही सवय पडण्याची क्रिया विसाव्या शतकाच्या मध्यात मांडली. फिनलंडचे रिस्तो नाटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये तिची दुसरी बाजू दाखवली. एकसारख्या आवाजांच्या रांगेत एखादा वेगळा आला, तर ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असलं तरी साधारण 100 ते 250 मिलिसेकंदांत मेंदूत त्याची नोंद उमटते. धरलेल्या सुराचं काम या दोन्हींवर चालतं. तो स्वतः मागे जातो आणि त्याच्यावर येणारा प्रत्येक स्वर, प्रत्येक शब्द पुढे येतो. सुराने गुंगी येते असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. नीट लावलेला सूर कान जागा ठेवतो.

लिखित इतिहासात मात्र हा सूर उशिरा सापडतो. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचं वर्णन आहे, म्हणून तिला आजच्या एकतारीची आजी ठरवण्याचा मोह होतो. पण एकतंत्रीवर तारेवरून बांबूची कांडी सरकवून सगळे स्वर काढत. आधारस्वर धरून ठेवणं हे तिचं काम नव्हतं. खान्देशाची राजधानी बुऱ्हाणपूर असताना, सोळाव्या शतकात, फारुकी राजा बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने पुंडरीक विठ्ठलाने ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला. दक्षिणेतून आलेल्या या पंडिताचा ग्रंथ वीणेच्या तारा आणि पडदे यांच्या मांडणीबद्दल बोलतो. आधारस्वरासाठीच वेगळं वाद्य, म्हणजे तंबोरा, यानंतरच्या काळात रुळलेला दिसतो. ग्रंथांना थाळी आणि तुणतुण्याची दखल घ्यावीशी वाटली नाही, ही खरी उणीव आहे.

तंबोऱ्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पुरुषी आवाजासाठी काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला लावला, तर जोडीच्या (मधल्या षड्जाच्या) दोन तारा सुमारे 138.6 हर्ट्झला, पंचम 104 ला आणि खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, 69.3 ला येतो. आधी जोड लावायची, मग खर्ज, शेवटी पंचम. जोडीच्या तारांत एका हर्ट्झचा फरक राहिला तर दर सेकंदाला एक लाट ऐकू येते. खुंटीने ढोबळ, मग तारेतल्या मण्याने बारीक जुळवत ती लाट नाहीशी होईपर्यंत थांबायचं नाही. त्यानंतर घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची भरीव गुंज, उघडायची. केसभर इकडेतिकडे झालं की तारेचा आवाज बसतो किंवा ती पत्र्यासारखी झणझणते. जवारी जमली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे त्याच्या पाचपट कंपनांचा, 346.5 हर्ट्झच्या आसपासचा. सी. व्ही. रामन यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला तंबोरा आणि वीणा तपासल्या, तेव्हा जिथे छेडल्यावर नियमाप्रमाणे एखादा उपस्वर उमटूच नये तिथे छेडूनही तो उमटतो, हे त्यांनी दाखवलं. वक्र घोडीवर तार टेकत-सुटत राहते, त्याचा हा परिणाम. म्हणूनच तंबोऱ्याचा सूर एकच असूनही आत सतत हलत असतो आणि कान त्याला विटत नाही.

तुणतुण्यात ही हालचाल गोंधळ्याच्या हातातून येते. लाकडी नळकांड्याच्या तळाला चामडं, चामड्याच्या मध्यातून निघालेली तार, बाजूच्या काठीला खुंटी. प्रत्येक आघात थोडा वेगळा पडतो. तार चामड्यालाच ओढून धरलेली असल्याने हवा बदलली की सूर बदलतो. पावसाळ्यात चामडं सैलावून सूर उतरतो, जळगावच्या वैशाखात ते आवळून चढतो. संबळ तापवून घेतात तसं गोंधळाआधी तुणतुणंही पुन्हा लावावं लागतं.

हरिनाम सप्ताहातली वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पहारा संपला की ती पुढच्याच्या गळ्यात जाते. पण टाळ-पखवाजाच्या गजरात ती बेसूर असली तरी खपते, हे खटकतं. पहारा बदलताना दोन मिनिटं सूर जुळवला तर गाणाऱ्यांचा गळा भरकटणार नाही. नामजपाने मन शांत होतं, याला थोडा आधार आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात 23 जणांकडून जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणी पद्मे हूम’ म्हणवून घेतलं, तेव्हा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. तो फरक म्हणणाऱ्याच्या श्वासातून आला होता. अमुक हर्ट्झच्या सुराने आजार बरे होतात, या दाव्याला मात्र आधार नाही.

विजेची सुरपेटी आणि आता मोबाइल यांमुळे गावोगावी सूर स्वस्त झाला. रियाजाला ते फार उपयोगी आहे. अडचण दोन ठिकाणी येते. मोबाइलचा छोटा स्पीकर 69 हर्ट्झ जवळजवळ देतच नाही. वरच्या उपस्वरांवरून कान खर्ज कल्पून घेतो, पण सुराचं वजन जातं. आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत असेल, तर त्याचा सांधा दर फेरीला टोचतो, कारण मेंदू नेमका तो बदलच टिपतो. ध्वनिमुद्रण सलग आणि लांब घ्यावं, मोठ्या स्पीकरला जोडावं, आणि आवाज गळ्यापेक्षा खाली ठेवावा.