प्लास्टिकच्या सुरक्षा बॅरिअरच्या चाचण्या कुठून आल्या

रस्त्याचं काम सुरू असलं की कडेला ओळीने उभे दिसणारे नारिंगी-पांढरे बॅरिअर बहुतेक पॉलिथिनचे असतात. ते किती टिकतील हे ठरवणाऱ्या चाचण्या मात्र मुळात रस्त्यासाठी जन्मल्याच नाहीत. उन्हाची चाचणी कापडाच्या आणि रंगांच्या धंद्यातून आली, तडा जाण्याची टेलिफोनच्या केबलमधून, आणि धडकेची महामार्गांवरून. हे तिन्ही प्रवाह अजून पुरते एकत्र आलेले नाहीत. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

पॉलिथिन सापडलं ते २७ मार्च १९३३ रोजी, इंग्लंडमधल्या विनिंग्टनच्या आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत. एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन प्रचंड दाबाखाली वेगळाच प्रयोग करत होते आणि भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या केबलवर आवरण म्हणून कामी आला. युद्धानंतर अमेरिकेत टेलिफोनच्या केबलवरही तो चढला. मग एक विचित्र दोष दिसू लागला: एरवी धडधाकट वाटणारं आवरण, वाक आणि साबणासारखं द्रावण एकत्र आले की तडकायचं. बेल टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेने, बेल लॅबोरेटरीजने, त्यावर शोधलेली चाचणी आजही वापरात आहे. प्लास्टिकच्या दहा पट्ट्यांना खाच पाडायची, त्या वाकवून धातूच्या खोबणीत अडकवायच्या, द्रावणात बुडवून ५० अंशांवर ठेवायच्या आणि निम्म्या फुटायला किती तास लागतात ते मोजायचं. बॅरिअरचे कोपरे, जोडाचे खाचे आणि वजनासाठी पाणी भरायच्या तोंडाजवळचा भाग सतत ताणाखाली असतो. त्यामुळे ही केबलवाल्यांची चाचणी बॅरिअरलाही तंतोतंत लागू पडते.

उन्हावरचा उपायही तेव्हाच्याच संशोधनातून पक्का झाला. पॉलिथिनमध्ये दोन-अडीच टक्के काजळी नीट मिसळली की अतिनील किरणं आत शिरत नाहीत. आपल्या गच्च्यांवरच्या टाक्या काळ्या असण्याचं मोठं कारण हेच. भारतात रोटोमोल्डिंगचा (प्लास्टिकची पावडर भरलेला साचा भट्टीत फिरवून पोकळ वस्तू बनवण्याचा) धंदा १९७५ नंतर या टाक्यांच्या जोरावरच वाढला. बॅरिअरही बहुधा याच पद्धतीने बनतो, पण तो काळा करून चालत नाही, तो रात्री दुरून दिसलाच पाहिजे. म्हणून तिथे सगळी भिस्त रंगद्रव्याच्या दर्जावर आणि १९७० च्या दशकात बाजारात आलेल्या अमाइन वर्गातल्या प्रकाश-स्थिरकांवर, म्हणजे उन्हाने होणारी झीज रोखणाऱ्या रसायनांवर असते. पैसे वाचवायचे तर हात पहिल्यांदा इथेच आखडतो, आणि नव्या मालात ते डोळ्यांना अजिबात कळत नाही.

ते कळावं म्हणून यंत्रं आली. कापडाचा रंग उडतो का हे पाहण्यासाठी शिकागोच्या अ‍ॅटलस कंपनीने कार्बन आर्कचे दिवे वापरले, ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. १९५४ मध्ये जर्मनीत हानाऊ इथे झेनॉन दिव्याचं यंत्र तयार झालं. योग्य फिल्टर लावले तर त्याचा प्रकाश सूर्याच्या बराच जवळ जातो. आजच्या आयएसओ ४८९२-२ या आंतरराष्ट्रीय मानकातलं नेहमीचं चक्र असं: १०२ मिनिटं नुसता प्रकाश, १८ मिनिटं प्रकाशासोबत पाण्याचा फवारा, आणि पुन्हा तेच. नमुन्याची ताणण्याची क्षमता निम्म्यावर आली की तो बाद धरण्याची पद्धत रूढ आहे.

‘१००० तास यूव्ही टेस्टेड’ हे शब्द माहितीपत्रकांत सर्रास असतात. त्यांचा हिशेब करून पाहावा. या चक्रात ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दर चौरस मीटरला ६० वॅट पडतात, म्हणजे हजार तासांत २१६ मेगाज्यूल. मायामीच्या उघड्या उन्हात वर्षाला याच जातीचं प्रारण सुमारे २८० मेगाज्यूल पडतं. म्हणजे हजार तासांत तिथलं एक वर्षही भरत नाही! शिवाय तासांचं वर्षांत रूपांतर करणारा एकच आकडा वापरू नये, असं एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचं मानकच बजावतं. नागपूरचा उन्हाळा आणि कोकणातली दमट हवा एकाच गुणकात कशी बसणार?

रोटोमोल्डिंगची स्वतःची म्हणावी अशी चाचणी थंडीची आहे. भिंतीचे तुकडे कापून उणे ४० अंशांवर गोठवायचे आणि त्यांवर गोल टोकाचं वजन सोडायचं. चांगला तुकडा ताणला जाऊन त्याला गुळगुळीत भोक पडतं, वाईट तुकड्याच्या ठिकऱ्या उडतात. इतकी थंडी आपल्याकडे पडत नाही, मग उपयोग काय? भट्टीतली चूक साध्या तापमानाला लपून राहते, थंडी ती उघडी पाडते. पावडर कमी भाजली तर आत बुडबुडे राहतात. जास्त भाजली तर आतला पृष्ठभाग जळून ठिसूळ होतो, आणि बाहेरून फटका बसला की ताण नेमका त्याच पृष्ठभागावर येतो.

धडकेचा इतिहास वेगळा. न्यू जर्सीत १९५० च्या दशकात काँक्रीटचे उतरते बॅरिअर आले. त्यांचाच आकार पुढे प्लास्टिकने उचलला, पण वजन उचलता आलं नाही. अमेरिकेत १९९३ चा एनसीएचआरपी ३५० अहवाल आणि २००९ पासूनचं ‘मॅश’, युरोपात ईएन १३१७, अशा मानकांनी खऱ्या गाड्या आदळून पाहायची शिस्त आणली. ३५० अहवालातल्या तिसऱ्या पातळीच्या चाचणीत २००० किलोचा पिकअप ताशी १०० किमी वेगाने २५ अंशांत आदळतो. बॅरिअरच्या दिशेने जाणारी ऊर्जा तेव्हा सुमारे १३८ किलोज्यूल असते. ताशी ५० किमीला ती चौथाईवर येते. म्हणून प्लास्टिकचा बॅरिअर वेगाची पातळी पाहूनच निवडावा लागतो. पाणी न भरलेला, रिकामा बॅरिअर तर नुसती दिशा दाखवतो, अडवत काहीच नाही. गोदामांतल्या फोर्कलिफ्टसाठी ब्रिटनने २०१७ मध्ये पीएएस १३ ही वेगळी आचारसंहिता काढली. आपल्याकडे रस्त्याच्या कामाच्या जागेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) एसपी ५५ आणि रस्त्याकडेच्या बॅरिअरसाठी २०१५ ची आयआरसी ११९ आहे.

मात्र धडकेची चाचणी नव्याकोऱ्या बॅरिअरवर होते, आणि ऊन दाखवलं जातं ते तळहाताएवढ्या तुकड्याला. चार उन्हाळे काढलेला बॅरिअर धडकेत कसा वागेल, हे या दोन्ही प्रमाणपत्रांतून कळत नाही. उपाय फार महागडा नाही. साइटवरून परत आलेल्या बॅरिअरच्या उन्हाकडच्या आणि सावलीकडच्या भिंतीतून तुकडे कापावेत, दोन्ही उणे ४० अंशांवर गोठवून त्यांवर तेच वजन सोडावं आणि निकाल पुढच्या निविदेच्या कागदांना जोडावा.