हुंकाराला हुंकार

दूध पिऊन तृप्त झालेलं दोन-अडीच महिन्यांचं बाळ उताणं पडलेलं असतं. आपण वाकून बघतो. ते घशातून 'अंऽऽगू' असा आवाज काढतं आणि थांबतं, नजर आपल्या तोंडावर. आपण 'हो का?' म्हटलं की पाय झाडत पुन्हा 'अंऽऽगू'. बाळ हुंकार द्यायला लागलं, असं आपण म्हणतो. शब्द फार नेमका आहे, कारण हुंकार एकट्याने देता येत नाही.

ऐकणं त्याच्याही आधी सुरू होतं. पोटातल्या बाळापर्यंत आईच्या बोलण्यातली अक्षरं धड पोचत नाहीत, सुरांचे चढउतार मात्र पोचतात. 2009 साली कॅथलीन वेर्म्के आणि सहकाऱ्यांनी 3 ते 5 दिवसांच्या 30 फ्रेंच आणि 30 जर्मन बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुतेकदा चढत जात होता, जर्मन बाळांचा वरून खाली उतरत होता. त्या त्या भाषांच्या बोलण्याची ढबही तशीच आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता.

मग किंचाळणं, गुरगुरणं, ओठांनी फुर्र करत लाळ उडवणं. आणि साधारण 6 ते 10 महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'मामामा'. घर आनंदून जातं, पण त्या अक्षरांना अजून अर्थ चिकटलेला नसतो. आवाज चालू ठेवून जबडा उघडमीट केला की ती जवळजवळ आपोआप निघतात. तरीही त्यासाठी कान लागतात. ऐकू न येणारी बाळंही रडतात, हुंकारतात, म्हणून सुरुवातीला कुणाला शंका येत नाही. त्यांचं 'बाबाबा' मात्र बरंच उशिरा येतं. दहा महिने उलटूनही अशी अक्षरं आली नसतील तर 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नये, कान तपासून घ्यावेत. (आईवडील खुणांच्या भाषेत बोलत असतील तर कर्णबधिर बाळं हातांनी बडबडतात!)

2003 साली मायकेल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आठेक महिन्यांच्या बाळांच्या आयांचे दोन गट केले. एका गटातल्या आईने बाळाने आवाज काढला की लगेच हसायचं, जवळ सरकायचं, हात फिरवायचा. दुसऱ्या गटातल्या आईनेही तेवढंच करायचं, पण बाळाच्या आवाजाशी वेळ न जुळवता. माया दोन्हीकडे सारखीच मिळाली. तरी पहिल्या गटातल्या बाळांची बडबड त्याच बैठकीत अधिक सुस्पष्ट झाली. कुणी एक अक्षरही म्हणून दाखवलं नव्हतं. फरक होता तो फक्त वेळेवर मिळालेल्या उत्तराचा.

आपल्या आवाजाला उत्तर येतं, हे पाच महिन्यांच्या बाळालाही उमगलेलं असतं. खेळता खेळता समोरच्या माणसाने चेहरा निर्विकार केला, हूं की चूं केलं नाही, तर बाळ लगेच गप्प होत नाही. आधी ते नेहमीपेक्षा जास्त आवाज काढतं, पुन्हा काढतं. मग काहीच उत्तर येत नाही म्हटल्यावर हळूहळू थांबतं.