अंकोर वाट शेवटी पाहा

कंबोडियाच्या सहलींचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. सिएम रीपला उतरायचं, दुसऱ्या दिवशी अंधारात उठून अंकोर वाटच्या तळ्याकाठी सूर्योदयाच्या फोटोसाठी गर्दी करायची, जेवणाच्या आधी बायोन आणि ता प्रोम उरकायचं आणि वेळ उरलाच तर लांबची एक-दोन देवळं. माझा आग्रह नेमका उलट आहे. अंकोर वाट शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा आणि सुरुवात डोंगरापासून करा.

याचं कारण साधं आहे. पहिल्याच दिवशी अंकोर वाट पाहिलं की पुढची सगळी देवळं लहान वाटायला लागतात. शिवाय गाइड जयवर्मन, इंद्रवर्मन, यशोवर्मन, सूर्यवर्मन अशी नावं सांगत जातो आणि संध्याकाळपर्यंत कोणी काय बांधलं याचा डोक्यात पुरता गोंधळ होतो. त्यापेक्षा तीन प्रश्न हातात धरून फिरावं: दगड कुठून आला, पाणी कुठून आलं आणि हे सगळं कशावर उभं आहे? अंकोरहून कंबोडियावर राज्य करणाऱ्या ख्मेर राजांची सहाशे वर्षांची कर्तबगारी या तीन प्रश्नांत जितकी उलगडते तितकी वंशावळीत उलगडत नाही.

म्हणून पहिला दिवस फ्नोम कुलेनचा. सिएम रीपच्या ईशान्येला असलेलं हे वालुकाश्माचं पठार साधारण पाचशे मीटर उंचीपर्यंत जातं. इ. स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्मनने इथे स्वतःला चक्रवर्ती घोषित करणारा विधी केला, असं अकराव्या शतकातला एक शिलालेख सांगतो. त्याच्या राजधानीचं नाव महेंद्रपर्वत. शिलालेखात नाव होतं, जंगलात विटांची मोडकी देवळं होती, पण शहर कुठे दिसत नव्हतं. जमिनीवरून शोध घेणं अवघड होतं, कारण दाट झाडी होती आणि यादवीच्या काळात पेरलेले भूसुरुंगही होते.

हे कोडं २०१२ साली हवेतून सुटायला लागलं. पुरातत्त्वज्ञ डेमियन एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरला लायडार यंत्र लावून सुमारे ३७० चौरस किलोमीटर प्रदेश पिंजून काढला. हे यंत्र सेकंदाला लाखो लेसर झोत खाली सोडतं. बहुतेक झोत पानांवर आपटून परततात, पण काही फटीफटीतून थेट जमिनीपर्यंत पोचतात. प्रत्येक झोताला परतायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. मग संगणकावर पानांवरून परतलेले बिंदू वगळायचे आणि फक्त जमिनीचे ठेवायचे. जंगल बाजूला सारल्यासारखी उघडी जमीन समोर येते. कुलेनवर अशा तऱ्हेने सरळ रेषेतले रस्ते, चौकोनी वसाहती, बांध आणि एक अर्धवट सोडलेला प्रचंड जलाशय दिसला. पुढे २०१५ च्या मोठ्या सर्वेक्षणाने आणि जमिनीवरच्या तपासणीने त्याला पुष्टी मिळाली. आज तिथे उभं राहिलं तर झाडीच दिसते, म्हणून हा नकाशा मोबाइलमध्ये घेऊनच वर जावं. त्याशिवाय कुलेन म्हणजे एक धबधबा आणि पिकनिकची जागा एवढंच पदरात पडतं. अंकोरच्या पासात कुलेन येत नाही, त्याचं तिकीट वेगळं.

याच डोंगररांगेत क्बाल स्पेअन नावाची जागा आहे. तिथे नदीच्या तळाच्या खडकातच शेकडो शिवलिंगं आणि शेषशायी विष्णू कोरले आहेत. वरून वाहणारं पाणी त्यांना स्पर्श करून खाली शेतांकडे जातं. या डोंगरांतलंच पाणी सिएम रीप नदीतून अंकोरच्या मैदानात येतं, आणि ती नदीही ख्मेर लोकांनी हवी तशी वळवून, कापून, सरळ करून घेतलेली आहे.

आता दगड. कुलेनच्या आग्नेय पायथ्याशी जुरासिक काळातल्या करड्या वालुकाश्माच्या खाणी आहेत. खडकात जिन्यासारखे टप्पे दिसतात: वरचा थर काढला, मग त्याखालचा, मग त्याच्याही खालचा. टोकियोच्या वासेदा विद्यापीठाच्या एत्सुओ उचिदा आणि इचिता शिमोदा यांनी २०१२ मध्ये अशा पन्नासहून जास्त खाणींची नोंद केली आणि त्या खाणींपासून अंकोरकडे येणाऱ्या कालव्यांचा मार्ग मांडला. आधी समज असा होता की दगड तोन्ले साप सरोवरापर्यंत नेऊन मग नदीतून उलट वर आणले, म्हणजे सुमारे ९० किलोमीटरचा फेरा. या कालव्याने तेच अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास येतं. अंकोर वाटसाठी लाखो चिरे लागले. ते सगळे हत्तींनी ओढले असं अजून सांगितलं जातं, पण पाण्यावरची वाहतूक या संख्येला जास्त पटते.

उचिदांची दुसरी पद्धत मला विशेष आवडते. हा करडा दगड डोळ्यांना सगळीकडे सारखाच दिसतो, पण त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचं प्रमाण खाणीनुसार बदलतं. भिंतीला एक छोटं उपकरण टेकवलं की दगड चुंबकीय क्षेत्राला किती प्रतिसाद देतो हे मोजता येतं. दगडाला ओरखडाही उठत नाही. अशी हजारो मोजमापं घेतल्यावर कुठली भिंत कुठल्या खाणीतली आणि कुठला भाग आधी, कुठला नंतर बांधला हे लागत गेलं. शिलालेख नसलेल्या देवळांचाही क्रम त्यातून जुळवता आला.

दुसऱ्या दिवशी रोलुओस. इथे हरिहरालय ही नवव्या शतकातली राजधानी होती. प्रेअ को आणि लोलेई ही देवळं विटांची, बाकोंग हे पर्वतासारखं पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ दगडाने मढवलेलं. विटांच्या सांध्यात चुना दिसत नाही. विटा एकमेकींवर घासून घट्ट बसवल्या आहेत आणि मध्ये वनस्पतिजन्य चिकाचा अगदी पातळ थर आहे. कुंपणाच्या भिंती जवळून पाहा. तांबूस, भोकाभोकांचा, हाताला खरखरीत लागणारा तो दगड कोकणातल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. तो जांभा आहे. लोहयुक्त, खाणीतून ओला काढताना सहज कापला जाणारा आणि उघड्यावर हवा-ऊन लागून कठीण होणारा. ख्मेर गवंड्यांनी नक्षी करायला वालुकाश्म ठेवला आणि पाया, गाभा, कुंपण, पूल, बांध यांना जांभा वापरला. बाहेरून राखाडी दिसणाऱ्या कित्येक देवळांच्या पोटात हाच दगड भरलेला आहे.

रोलुओसजवळच इंद्रतटाक हा जलाशय होता, ३.८ किलोमीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. आता तिथे भातशेती आहे. अशा जलाशयांना तिथे बाराय म्हणतात. आपल्या मनात तलाव म्हटलं की खोदलेला खड्डा येतो. बाराय त्याहून वेगळा: सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे बांध घालायचे आणि पाणी जमिनीच्या पातळीच्या वर साठवायचं. जमिनीला किंचित उतार असल्यामुळे बांध थोडा उघडला की पाणी आपोआप शेताकडे निघतं, उपसा करावा लागत नाही. अकराव्या शतकातला पश्चिम बाराय जवळजवळ आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून थोडा जास्त रुंद आहे. त्याची क्षमता साधारण पाच कोटी घनमीटर धरतात. आपल्या भाषेत पावणेदोन टीएमसी, म्हणजे खडकवासला धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या जवळ जाणारा आकडा. यंत्राशिवाय, टोपलीने माती वाहून. त्याच्या काही भागात अजूनही पाणी असतं आणि गावकरी सुट्टीला पोहायला येतात. सहलीच्या पत्रिकेत तो क्वचितच सापडतो. गाडी वळवायला सांगा आणि बांधावर चढून पाहा.

या जलाशयांतून सिंचन किती व्हायचं आणि मेरूभोवतीचा सागर म्हणून त्यांचं धार्मिक स्थान किती होतं, यावर अभ्यासकांनी अनेक वर्षं वाद घातला. मला ही विभागणीच पटत नाही. जिथे पाऊस सहा महिने कोसळतो आणि उरलेले सहा महिने जवळपास गायब असतो, तिथे पाणी राखणारा राजाच देवाचा माणूस ठरणार.

बांते स्रेई हे देऊळ इ. स. ९६७ चं. राजाने नव्हे, यज्ञवराह या विद्वान ब्राह्मण मंत्र्याने ते उभारलं. तांबूस, बारीक कणांचा वालुकाश्म आणि त्यावर लाकडात कोरल्यासारखं काम. सकाळी लवकर जा, एवढंच सांगतो, कारण कोरीवकामाबद्दल लिहिण्यापेक्षा ते पाहणं बरं.

बाफुओनला मात्र वेळ द्या. अकराव्या शतकातलं हे पर्वतासारखं देऊळ बांधतानाच त्यात दोष राहिला. आत वाळूचा भराव आणि बाहेर दगडाचं आवरण. पावसात वाळू भिजली की फुगून बाहेर रेटायची, आणि बाजू ढासळायच्या. १९६०च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांनी देऊळ दगड-दगड उतरवलं. प्रत्येक दगडाची जागा कागदावर नोंदवून सुमारे तीन लाख दगड आजूबाजूच्या रानात मांडून ठेवले. मग ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट आली आणि नोम पेन्हमधली ती सगळी कागदपत्रं नष्ट झाली. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा हाताशी होते जुने फोटो, काही माणसांच्या आठवणी आणि रानात पसरलेले दगड. चुना नसल्यामुळे प्रत्येक दगड फक्त स्वतःच्याच जागी नेमका बसतो, आणि याच गोष्टीने वाट दाखवली. २०११ साली काम पुरं झालं.

इथल्या दगडांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांनीही एक गोष्ट सांगितली. जुन्या पद्धतीने लोखंड गाळताना कोळशातला थोडा कार्बन धातूत उतरतो. त्या कार्बनचं वय काढलं की लोखंड कधी गाळलं ते कळतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तपासणीने बाफुओनची सुरुवात आधी मानत होते त्यापेक्षा काही दशकं मागे, अकराव्या शतकाच्या आरंभाकडे नेली.

ता प्रोमला झाडांचेच फोटो निघतात आणि ते योग्यच आहे. सातव्या जयवर्मनने ११८६ मध्ये उभारलेल्या या मठाच्या संस्कृत शिलालेखात आत राहणारे १२,६४० लोक आणि राज्यातली १०२ रुग्णालयं नोंदली आहेत. भिंतींवर चढलेली मोठी झाडं मुख्यतः टेट्रामेलीसची आहेत, जी आपल्या सह्याद्रीतही सापडतात, आणि काही वडाच्या कुळातली. मुळं सांध्यांत शिरून दगड सरकवतात, पण कित्येक ठिकाणी तीच मुळं पडत्या भिंतीला आवळून धरतात. झाड मेलं की भिंत पडते, म्हणून झाड जगवणं हाही जतनाचाच भाग ठरतो. हे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करत आलं आहे. पडझड झालेलं नर्तिकांचं दालन त्यांनी पुन्हा उभं केलं, ते २०२२ मध्ये खुलं झालं.

ता केओ या देवळाकडून अंकोर थोम या तटबंदीच्या राजनगरीकडे जाताना रस्त्याला लागून स्पेअन थ्मा नावाचा जुना पूल आहे. बस थांबत नाही, तुम्ही थांबवा. पुलाच्या कमानी कोरड्या पडल्या आहेत आणि नदी बाजूने, कित्येक मीटर खालून वाहते. पुलात देवळांचे जुने कोरीव दगड वापरलेले दिसतात. नदीने आपलं पात्र किती खोल कापलं याचा हा पूल पुरावाच. पाण्याची ही व्यवस्था का बिघडली याचा धागा हवामानात मिळतो: व्हिएतनामच्या डोंगरांतल्या जुन्या झाडांच्या वाढवलयांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकाच्या मध्यावर आणि पंधराव्याच्या सुरुवातीला दशकानुदशकं टिकलेले दुष्काळ, आणि अधूनमधून अतिवृष्टीची वर्षं, असं त्यातून दिसलं. कोरड्या काळात आकसलेल्या व्यवस्थेवर असा पाऊस कोसळला की कालवे गाळाने भरतात, बांध फुटतात. मात्र अंकोर थोमच्या खंदकातल्या गाळाच्या थरांवरून शहरातली वर्दळ चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच हळूहळू कमी होत गेलेली दिसते. त्यामुळे १४३१ च्या अयुथया या सयामी राज्याच्या स्वारीने किंवा एका दुष्काळाने सात ते नऊ लाख वस्तीचं शहर संपलं, असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका.

आता अंकोर वाट. गर्दी पश्चिमेच्या दारातून येते, तुम्ही सकाळी पूर्वेकडून शिरा. कोणत्याही भिंतीजवळ गेलात तर दगडांवर बोटाच्या जाडीची गोल भोकं दिसतील. दगड उचलायला आणि जागेवर घासून बसवायला त्यात खुंट्या घालत. मग खांब पाहा. वालुकाश्म थराथराने तयार होतो, आणि ते थर आडवे राहिले तर वजन चांगलं पेलतात. उंच खांब कापताना मात्र दगड उभा करावा लागला, थरही उभे झाले, आणि आता खांबांचे पापुद्रे सुटतात. वटवाघळांच्या विष्ठेतले क्षार ओल्या दगडात शिरून स्फटिक बनतात आणि आतून भेगा पाडतात. नाजूक अप्सरांचे चेहरे असेच गळून पडले. १९९५ पासून जर्मन संवर्धकांचा गट एकेका अप्सरेवर काम करतो आहे.

आणि पाया? ६५ मीटर उंच शिखर दाबून बसवलेल्या वाळू-मातीवर उभं आहे. चहूबाजूंनी कोंडलेली ओली वाळू प्रचंड भार पेलते, पण तिच्यातली पाण्याची पातळी सारखी वर-खाली झाली तर कण सरकतात. भोवतालचा जवळजवळ दोनशे मीटर रुंद खंदक ही पातळी सांभाळतो. म्हणून सिएम रीपमधल्या हॉटेलांचा भूजल उपसा हा देवळांच्या सुरक्षेचा प्रश्न होऊन बसला. देवळांची देखभाल करणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाने शतकानुशतकं कोरडा पडलेला उत्तर बाराय जुन्या कालव्यांची दुरुस्ती करून पुन्हा भरला, त्यामागे शेतीबरोबर भूजलाचं पुनर्भरण हाही हेतू आहे. पुराच्या वेळी जादा पाणी वळवायलाही त्याचा उपयोग होतो.

जायचं असेल तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर धरा. पाऊस ओसरलेला असतो आणि खंदक, बाराय तुडुंब असतात. मार्च-एप्रिलमध्ये फक्त दगड पाहायला मिळतो. तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा आहे आणि दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस वापरता येतो, त्यामुळे सुरुवातीचा एक दिवस कुलेनला आणि मधला एक पश्चिम बारायला सहज देता येतो.