जुन्या रिसीव्हरचं वजन कुठून आलं : पार्श्वभूमी

जुन्या स्टिरिओची ओढ बहुतेक वेळा १९७४ ते १९८० या काळातल्या जपानी रिसीव्हरांपाशीच (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत) येऊन थांबते. ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग, जड ट्यूनिंग नॉब, लाकडी पेटी ही वरची शोभा. आतला दणकट ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणारा भलामोठा हीटसिंक यांच्यामागे मात्र अमेरिकेतल्या एका सरकारी नियमाचा मोठा वाटा आहे.

त्याआधी तिथल्या बाजारात वॅटचा आकडा कुणी कसाही छापे. प्रत्येक चॅनलला (डाव्या-उजव्या स्पीकरच्या वाटेला) २० वॅट देणारा ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकर चालवण्याएवढा संकेत वाढवणारा भाग, घ्या. दोन्ही चॅनल मिळवले की ४०, सरासरीऐवजी शिखर धरलं की ८०, वर ‘अधिक-उणे १ डेसिबल’ची (साधारण सव्वापट चूक चालवून घेण्याची) सवलत घेतली की १००. नोव्हेंबर १९७४ पासून हा खेळ बंद झाला. दोन्ही चॅनल एकाच वेळी चालवून सलग सरासरी शक्ती मोजायची, आणि भार (स्पीकरचा रोध) किती ओहम, वारंवारितेचा पट्टा कोणता, विकृती (मूळ आवाजात पडणारी भेसळ) जास्तीत जास्त किती टक्के, हे वॅटसोबत सांगायचं. बाजाराने याच आकड्याला ‘आरएमएस वॅट’ म्हटलं. खरं तर आरएमएस (बदलत्या व्होल्टेजचं परिणामी मूल्य) असतं ते व्होल्टेज: ८ ओहमवर २० व्होल्ट आरएमएस म्हणजे सरासरी ५० वॅट.

वाद पेटला तो तापवण्याच्या अटीवरून. मोजणीआधी ॲम्प्लिफायर एक तृतीयांश शक्तीवर तासभर चालवायचा होता. ऐकायला ही अट सौम्य वाटते, पण सगळ्यात कडक तीच. आदर्श क्लास-बी रचनेत (लहरीचा अर्धा-अर्धा भाग दोन ट्रान्झिस्टर वाटून घेतात) १०० वॅट देताना आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये सुमारे २७ वॅट उष्णता होते. ३३ वॅट देताना ती ४० वर जाते, कारण तेव्हा ट्रान्झिस्टरवर व्होल्टेजही बरंच उरतं आणि प्रवाहही भरपूर असतो. दोन चॅनलची ८० वॅट उष्णता तासभर बाहेर टाकायची, तर हीटसिंकमध्ये काटकसर चालत नाही. संगीताची सरासरी पातळी याहून खूप खाली असते, असा उत्पादकांचा आक्षेप होता आणि तो खराच होता. तरीही त्या सक्तीतून मिळालेली उष्णतेची शिल्लक आज पन्नाशीला टेकलेल्या यंत्रांच्या कामी येते आहे. १९७६ चा पायोनियर एसएक्स-१२५० दर चॅनलला १६० वॅटचा, १९७८ चा एसएक्स-१९८० तब्बल २७० वॅटचा. वजन ३५ किलो.

२००० साली ती अट एक अष्टमांशावर आली. वरच्याच हिशेबाने उष्णता सुमारे ३२ वॅट. तोवर होम थिएटर आलं होतं आणि किती चॅनल एकत्र चालवून मोजायचं, हा घोळ वर्षानुवर्षं चालला. २०२४ च्या दुरुस्तीने २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ हा पट्टा आणि १ टक्क्याहून कमी विकृती बंधनकारक झाली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेट डेकवर पीएमपीओचे (क्षणिक शिखरशक्तीचे) हजारी आकडे झळकत. त्या मोजणीला कसलंच मानक नव्हतं.

आजचा चांगला क्लास-डी (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करणारा) ॲम्प्लिफायर सुमारे ९० टक्के कार्यक्षम असतो, हलका असतो आणि विकृती व गुणगुण यांत जुन्याला सहज मागे टाकतो. जुन्याचं बळ दुरुस्तीत आहे. सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, सुटे भाग हाताने बदलता येतात. मात्र १०० किंवा १२० व्होल्टचा सेट थेट २३० व्होल्टला लावू नये, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. बरीच वर्षं बंद असलेला सेट आधी १०० वॅटच्या फिलामेंट बल्बच्या सिरीजमध्ये लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, प्रखरच राहिला तर आत शॉर्ट आहे. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवरचं डीसी व्होल्टेज मोजावं. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असावं. आवाज लहान असताना एक चॅनल गायब आणि वाढवला की परत, ही प्रोटेक्शन रिलेचे (स्पीकर वाचवणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळवंडल्याची खूण. दोन्ही चॅनलमध्ये गुणगुण असेल तर बहुधा पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. ते बदलल्यावर बायस (आवाज नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा प्रवाह) मॅन्युअलप्रमाणे लावावा: एमिटर रेझिस्टर (आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेला छोटा रोध) ०.५ ओहमचा आणि प्रवाह ५० मिलिअँपिअर हवा असेल, तर मीटरवर २५ मिलिव्होल्ट. हे माप सेट नीट तापल्यावर पुन्हा घ्यावं.